कृष्णाकांठचा एक कोस

गेल्या फाल्गुनांत एका रविवारीं आम्ही कांहीं स्नेही, मुलांबाळांसह, वाईहून मेणवलीस कृष्णेच्या कांठाकांठानें पायीं गेलों. अंतर कोसभराचें, पण ज्यास आपल्या प्रांताचा इतिहास डोळ्यांनीं पाहावयाचा आहे, त्यास तेवढें पुरेसें आहे.

निघालों तों ढोल्या गणपतीच्या घाटावरून. इ. स. १७६२ सालीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं हें देऊळ बांधविलें. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचें पाणी तिच्यावर आदळतांच दुभंगून जावें, ही त्यांतील योजना. पुढें ऊंस, पिकत आलेला गहूं व मधूनमधून फुललेला पळस अशी वाट लागली. मुलें पुढें धांवत होतीं. आम्ही वडील मंडळी, वयास शोभेल अशा रीतीनें, जुन्या गोष्टी बोलत मागून चाललों होतों.

मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा व त्याच्या मागें कृष्णेचा चंद्राकृति घाट आहे. नाना १७४२ सालीं साताऱ्यास जन्मले, १८०० सालीं पुण्यास वारले, व त्यांचें कर्तृत्व गाजलें तें पुण्याच्या दरबारांत. मग ह्या लहानशा गांवाचें इतिहासांत महत्त्व तें काय? तें वाड्याच्या चौकांत नसून, वाड्यांत एके काळीं असलेल्या कागदांत आहे. १८१८ सालीं राज्य बुडालें आणि पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. तें संशोधकांस मोकळेपणें पाहावयास मिळण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. रियासतकार सरदेसाई यांनीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग काढले, ते १९३० नंतर. नानांचें खाजगी दप्तर मात्र मेणवलीस राहिलें, म्हणूनच तें दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हातीं त्यापूर्वींच लागूं शकलें. पारसनिसांचा संग्रह प्रथम साताऱ्यास होता. पुढें तो पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. राजवाडे यांचा १८९८ चा पहिला खंडही वाईस सांपडलेल्या कागदांतूनच उभा राहिला. तात्पर्य, सरकारी दप्तरास कुलूप असतां घरगुती रुमालांनीं आमचा इतिहास जिवंत ठेवला.

घाटावर एका लहानशा घुमटींत एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली, तेव्हां पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत आल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळांत एक आहे, भीमाशंकरास एक आहे, आणि ही एक. हिच्यावर मेरी व बाल येशू यांची आकृति असून १७०७ हें साल आहे. आमच्यांतील एका दहा वर्षांच्या मुलीनें तें साल मोठ्यानें वाचलें, आणि लगेच विचारलें, “आजोबा, नानांचे कागद असेच वाचून दाखवा ना!” आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. मंडळींत पदवीधर सात. मोडी वाचणारा एकही नव्हता. परक्यांच्या घंटेवरील आंकडा पोरीस वाचतां येतो, आणि स्वतःच्या पणजोबांचा हात तिच्या आजोबांसही लागत नाहीं!

येथें एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. आमच्या घरच्या माळ्यावर आजोबांचे दोन रुमाल होते. घराची डागडुजी निघाली तेव्हां ते कोणीं उघडूनही पाहिले नाहींत. रद्दीबरोबर वजनावर गेले. त्यांत कांहीं महत्त्वाचें होतें कीं नुसते सावकारीचे हिशेब होते, हें आतां कधींच कळणार नाहीं. आयुष्यभर वर्गांत इतिहास शिकविणाराच्या घरीं हें घडलें. त्याचा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर घालूं शकत नाहीं.

वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असे रुमाल अजून असतील. ते जाळूं नयेत, विकूं नयेत. आपणांस वाचतां येत नसल्यास पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे द्यावे, इतकीच आमची विनंति आहे. दगडी घाट पुरास दोनशें वर्षें तोंड देतो. कागदास वाळवीची एक रात्र पुरते. आम्ही स्वतः पन्नाशी उलटल्यावर मोडीचीं मुळाक्षरें गिरवूं लागलों आहों. ती मुलगी शेजारीं पाटी घेऊन बसते, आणि तिचें अक्षर आमच्यापेक्षां चांगलें आहे.