बोलेंग ते होरेन्सो

पालक मूळचा इराणच्या बाजूचा. त्याचे रानटी भाऊबंद मध्य आशियात आजही उगवतात. चीनच्या दरबारी मात्र तो नेपाळकडून पोचला. इ. स. 647 मध्ये नेपाळच्या राजाने तांग सम्राट ताईझोंग याला नजराणा धाडला, त्यात ही भाजी होती. ‘तांग हुईयाओ’ या दहाव्या शतकातल्या संकलनात तिची ओळख मोजक्या शब्दांत दिली आहे: रोप करडईसारखे, बी गोखरूसारखे काटेरी, आणि शिजवल्यावर जेवणाची चव वाढवणारी. जुन्या जातीचे काटेरी बी हातात घेतलेल्या कोणालाही ही नोंद किती नेमकी आहे ते लगेच पटेल.

चिनी लोकांनी तिला बोलेंग म्हटले. हे नाव परके, म्हणून त्याचा उगम शोधणेही लवकरच सुरू झाले. नवव्या शतकातल्या एका ग्रंथात ‘पोलिंग’ नावाच्या पश्चिमेकडील देशातून एका भिक्षूने बी आणल्याची हकीकत आहे. अभ्यासक बर्टोल्ड लाउफर यांनी 1919 च्या ‘सायनो-इरानिका’ या ग्रंथात या नावाचा संबंध संस्कृत ‘पालंक’शी जोडला. हा तर्क खरा असेल, तर बोलेंग आणि आपला पालक एकाच घरचे ठरतात. वनस्पतींची गोष्ट मात्र वेगळी आहे: महाराष्ट्रात जुडीने विकला जाणारा देशी पालक बहुधा बीटच्या प्रजातीतला असतो आणि इराणी पालकाला आपण विलायती म्हणतो.

ली शिझेन यांच्या 1596 मध्ये छापलेल्या ‘बेंत्साओ गांगमू’ या औषधिकोशात ‘इराणी गवत’ आणि, गुलाबी मुळावरून, ‘लालमुळी’ अशी आणखी नावे सापडतात. पुढे बोलेंगमधला ‘लेंग’ गळाला, भाजी या अर्थाचा ‘त्साय’ जोडला गेला आणि बोत्साय हे नाव चीनभर रूढ झाले. तैवानच्या होक्कियन बोलीने मात्र जुने रूप सोडले नाही. तिथल्या बाजारात ‘पोएलेंग’ अजून ऐकू येते.

जपानमध्ये ही भाजी चीनमधून सतराव्या शतकाच्या आसपास गेली. तिथे ‘बोलेंग’चा उच्चार ‘होरेन’ झाला आणि वनस्पती या अर्थाचा ‘सो’ मागे लागला. अशा रीतीने चीनच्या प्रमाणभाषेत गळालेले अक्षर जपानी होरेन्सोत टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकात युरोपातून गोल पानांची, बिनकाटेरी बियांची जात आली. पुढे तिचा जुन्या, कातरलेल्या पानांच्या जातीशी संकर झाला. नाव तेच राहिले, आणि पुढे त्याला भाजीपलीकडचा अर्थही मिळाला. 1982 मध्ये यामाताने सिक्युरिटीजचे अध्यक्ष तोमिजी यामाझाकी यांनी होकोकु, रेनराकु, सोदान, म्हणजे अहवाल, संपर्क आणि सल्लामसलत, या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘होरेन्सो’ हा कामाचा नियम आपल्या कंपनीत लागू केला. जपानी कचेऱ्यांत नव्या नोकरदाराला तो आजही शिकवतात.