कापूस, कोळसा आणि वर्धा जंक्शन

वर्धा शहर आणि वर्धा रेल्वे स्थानक यांचा जन्म जवळजवळ एकाच वेळचा. 1862 मध्ये नागपूरपासून वेगळ्या काढलेल्या या जिल्ह्याची कचेरी आरंभी पुलगावजवळच्या कवठा या गावी होती. 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी रुंद रस्त्यांचे नवे गाव आखले गेले आणि जिल्ह्याचे मुख्यालय तिथे आले. गावाला नाव मिळाले वर्धा नदीचे, जरी नदी वाहते ती पश्चिमेला दूर पुलगावपाशी. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळ, बडनेरा मागे टाकून पूर्वेकडे सरकत होते. 1867 मध्ये ते नागपूरला पोचले. जुन्या पेठेच्या कडेला मागाहून स्थानक येऊन बसावे, तसे वर्ध्याचे झाले नाही. इथली पेठ स्थानकाच्या बरोबरीने वाढली.

या मार्गामागचे बळ कापसाचे होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या जमिनीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर परदेशच्या बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावाने ओळखला जाई. रेल्वे येण्यापूर्वी या भागातला माल बैलांच्या पाठीवरून बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत किंवा मुंबईपर्यंत जाई. वाटेत पाऊस, धूळ आणि महिनोन्‌महिन्यांचा प्रवास. रूळ आले तशी स्थानकांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगची आवारे उभी राहिली. सरकी काढायची, रुईच्या घट्ट गाठी बांधायच्या आणि त्या वाघिणीत चढवायच्या, हे काम हंगामभर चाले. वर्ध्याच्या बजाज घराण्याची पेढीही याच कापसावर मोठी झाली.

रेल्वेने या जिल्ह्यातल्या गावांची नावेही घडवली. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला, त्याच्याजवळ वाढलेले गाव पुलगाव. नागपूरच्या वाटेवरची सिंदी ही ‘सिंदी रेल्वे’, आणि वर्धा शहराला लागून असलेली दुसरी ‘सिंदी मेघे’. इतकी वर्षे लोटली तरी लोक गावाचे नाव सांगताना ‘रेल्वे’ हा शब्द सोडत नाहीत, आणि सरकारी कागदांतही तो आहे. एखाद्या गावाच्या ओळखीत रेल्वे किती खोल उतरते, याचा याहून बोलका पुरावा शोधायला नको.

वर्ध्याचे ‘जंक्शन’ झाले ते कोळशामुळे. चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला कोळसा सापडला आणि 1870 च्या दशकात सरकारने वर्धा कोल स्टेट रेल्वे हा सुमारे 45 मैलांचा फाटा टाकला. इंजिनांना जवळचा कोळसा मिळावा हा मूळ हेतू. पण फाटा हिंगणघाटवरून गेल्याने तिथल्या कापसालाही थेट वाट मिळाली. वरोऱ्याची खाण 1906 मध्ये बंद पडली. मार्ग मात्र पुढे बल्लारशाहपर्यंत गेला, आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस बल्लारशाह–काझीपेट जोडणी पूर्ण झाल्यावर कोळशाचा हा फाटा दिल्ली–मद्रास या देशाच्या मोठ्या मार्गाचा भाग बनला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस 1929 पासून धावू लागली. याच जिल्ह्यात पुलगाव–आर्वी ही सुमारे 35 किलोमीटरची नॅरोगेज 1917 च्या सुमारास सुरू झाली होती. तिचे भाग्य असे उजळले नाही, ती अखेर बंद पडली.

वर्ध्याच्या पूर्वेला तीन-चार किलोमीटरवर दुसरे स्थानक आहे. नागपूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या तिथूनच बल्लारशाहकडे वळतात. वर्धा जंक्शनमध्ये शिरल्या तर त्यांना इंजिन उलट्या टोकाला लावून परतावे लागेल. मुंबईहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी मात्र वर्ध्यातूनच सरळ वळते. या दुसऱ्या स्थानकाचे जुने नाव वर्धा पूर्व, आजचे सेवाग्राम. नव्या प्रवाशाने तिकिटावर वर्धा आणि सेवाग्राम यांपैकी कोणते नाव आहे ते नीट पाहिलेले बरे.

सेवाग्राम हे नाव टपालाच्या गरजेतून आले आहे. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्याला आले, आधी मगनवाडीत राहिले आणि 1936 मध्ये शेगाव या खेड्यात गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाची गफलत होऊ लागली, म्हणून 1940 मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. देशाचे राजकारण काही वर्षे या स्थानकांवर उतरत होते. जुलै 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्तेने भारत सोडावा हा ठराव केला तो वर्ध्यातच. नेते, कार्यकर्ते, परदेशी पाहुणे गाडीतून उतरत आणि पुढची वाट टांग्याने, बैलगाडीने किंवा पायी गाठत.

पुढे टांग्यांची जागा रिक्षांनी आणि एसटीने घेतली. शहरही नगरपालिकेच्या हद्दीत मावेना. पिपरी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे, नालवाडी ही भोवतालची खेडी वस्तीने शहराला चिकटली, तरी त्यांच्या ग्रामपंचायती वेगळ्या राहिल्या. सेवाग्राम आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांमुळे उतारूंचा पोतही बदलला: कापसाच्या दलालांऐवजी विद्यार्थी, आणि दूरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक. अशा प्रवाशाला गाडीइतकीच महत्त्वाची असते ती स्थानकाबाहेरची शेवटच्या चार-पाच किलोमीटरची सोय.

सर्वांत नवी वाट नैर्ऋत्येची आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. त्यातला देवळीवरून जाणारा वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये खुला झाला. देवळी ही कापसाची जुनी बाजारपेठ, वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर. तिला रेल्वे मिळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. कळंबच्या पुढे यवतमाळ आहे. तिथे याआधी पोचलेले रूळ मूर्तिजापूरहून आलेल्या ‘शकुंतला’ या नॅरोगेजचे होते.