पाथरीचे कुट्टक

परभणी जिल्ह्यातील पाथरीचे जुने नाव पार्थपूर. गोदावरीच्या उत्तरेस वसलेल्या या गावी सोळाव्या शतकात एक गणिती घराणे नांदत होते. त्यातील ज्ञानराजांनी शके १४२५, म्हणजे इ. स. १५०३ मध्ये ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८ मध्ये आणि ‘लीलावती’वर १५४१ मध्ये टीका लिहिल्या. येथे टीका म्हणजे दोषदर्शन नव्हे; अवघड ग्रंथ उलगडून पुढच्या पिढीच्या हाती देणे होय.

‘लीलावती’त ‘कुट्टक’ नावाचे एक प्रकरण आहे. त्यातील एक उदाहरण पाहू. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवावे, म्हणजे १९५ ने निःशेष भाग जाईल? प्रथम परस्पर भागाकार करावयाचा. २२१ ला १९५ ने भागता बाकी २६; १९५ ला २६ ने भागता बाकी १३; २६ ला १३ ने भागता बाकी शून्य. तेव्हा १३ हा मसावि. त्याने भागले असता १७, ५ व १५ उरतात. १७ आणि १५ यांना एकावाचून सामाईक विभाजक नाही. अशा संख्यांना आचार्य ‘दृढ’ म्हणतात, आपली मुले ‘सहमूळ’ म्हणतात. आलेल्या भागाकारांवरून उलट वर चढत गेले की गुणक ५ मिळतो.

हे आज कशाला, असे कोणी विचारील. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी गुप्त संदेशांची एक पद्धत मांडली. दोन प्रचंड मूळ संख्या घेऊन त्यांचा गुणाकार जगजाहीर करावयाचा. त्यावरून मूळ जोडी शोधणे अतिशय दुष्कर, हेच तिचे कुलूप. आणि किल्ली? ५ व ११ या लहान मूळ संख्या घेऊ. प्रत्येकीतून एक वजा करून गुणाकार केला की ४० येतात. ३ ला कशाने गुणून १ वजा करावा, म्हणजे ४० ने निःशेष भाग जाईल? उत्तर २७, हीच गुप्त किल्ली. प्रत्यक्षात मूळ संख्या तीनशेहून अधिक अंकी असतात, परंतु प्रश्न कुट्टकाचाच!

म्हणून संगणकयुगाचे श्रेय आम्ही पाथरीला देऊ इच्छित नाही. परस्पर भागाकार युक्लिडला ठाऊक होता. कुट्टकाची रीत आर्यभटाने ४९९ मध्ये सांगितली. पाथरीकरांनी ती समजून घेतली व समजावून दिली. तेवढ्याने ते लहान ठरत नाहीत. ज्ञान टिकते ते शोधकांइतकेच अशा शिकवणाऱ्यांमुळे. संध्याकाळी मुलाजवळ बसून मसावि समजावणारे आईवडील त्यांच्याच रांगेत बसतात, असे आम्हांस वाटते.