मुठीतले बटण

काही वर्षांपूर्वी आम्ही संशोधनासाठी अमेरिकेत होतो, तेव्हा प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याच्या जुन्या मोटारीवर आमचे बरेच रविवार खर्ची पडले. गाडी स्वयंचलित गिअरची, वीस वर्षे वापरलेली. गिअरच्या दांड्यावरची मूठ उन्हाने तडकून हाताला टोचू लागली होती. मोडीत काढलेल्या गाड्यांच्या आवारातून त्याच बनावटीच्या, पण बऱ्याच नंतरच्या गाडीची मूठ आम्ही आणली. दोन स्क्रू पिळले, मूठ घट्ट बसली आणि शोभूनही दिसली. सहकाऱ्याने ब्रेकवर पाय ठेवून दांडा सहज मागे ओढला, तर तो बटण न दाबताच 'पी'वरून 'आर'वर, म्हणजे मागे जाण्याच्या गिअरवर गेला. इंजिन बंद होते आणि जागा सपाट होती म्हणून बरे!

काय झाले होते ते पाहू. अशा गाडीतला गिअरचा दांडा पोकळ असतो. त्याच्या आत एक बारीक सळई व तिला वर ढकलणारी स्प्रिंग असते. सळईच्या खालच्या टोकाला आडवी पिन असते आणि ती खाचा पाडलेल्या पत्र्यात अडकून राहते. मुठीच्या बाजूचे बटण दाबले की आतली पाचर सरकते, सळई खाली जाते आणि पिन खाचेतून सुटते. (आडव्या दाबाचे उभ्या दाबात रूपांतर करणारा हा उतरणीचा साधा उपयोग वर्गात खोडरबर कापून दाखवता येईल.) 'एन'वरून 'डी'वर जाताना बहुतेक गाड्यांत खाच आड येत नाही, 'पी' सोडताना आणि 'आर'मध्ये शिरताना मात्र येते. आम्ही आणलेल्या मुठीतली पाचर बटण न दाबताही दोन-तीन मिलिमीटर खाली येत होती. त्यामुळे पिन कायमची सुटलेली राहिली. उलटे झाले असते, म्हणजे पाचर आखूड पडली असती, तर दांडा 'पी'मध्येच अडकला असता. ती पंचाईत खरी, पण ती निदान लगेच कळली असती.

मुळात एवढा खटाटोप कशासाठी? पहिल्या गाड्यांत तो नव्हता. जनरल मोटर्सने ऑक्टोबर १९३९ मध्ये ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' ही स्वयंचलित गिअरपेटी बाजारात आणली. दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता आणि त्याला चारच जागा होत्या: न्यूट्रल, हाय, लो आणि शेवटी रिव्हर्स. 'पार्क' नव्हतेच. गाडी उभी करताना इंजिन बंद करून दांडा रिव्हर्समध्ये टाकायचा, की चाके जखडली जात. १९४८ च्या ब्यूक डायनाफ्लो आणि १९५० च्या शेव्हरोले पॉवरग्लाइडमध्ये 'पी' आला, पण क्रम होता पी, एन, डी, एल, आर. 'एल' आणि 'आर' शेजारीशेजारी! यामागेही विचार होता. बर्फात किंवा चिखलात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायला ही जोडी सोयीची होती. याउलट फोर्डने १९५१ पासून पी, आर, एन, डी, एल हा क्रम ठेवला. क्रायस्लरने तर १९५६ ते १९६४ च्या गाड्यांत दांडाच काढून टाकून बटणे दिली.

आता अशी कल्पना करा, की घरात दोन गाड्या आहेत, एक शेव्हरोले, एक फोर्ड. उतारावर वेग कमी करण्यासाठी चालक दांडा शेवटपर्यंत ओढतो. फोर्डमध्ये तो 'एल'वर थांबेल, शेव्हरोलेत 'आर'वर. डोळे रस्त्यावर असतात, हात सवयीने चालतो, आणि सवय कोणत्या गाडीची हे हाताला ठाऊक नसते. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' या पुस्तकात या गोंधळावर कडक टीका केली. हा दोष चालकाचा नसून रचनेचा आहे हे त्यांचे म्हणणे आम्हाला पूर्ण पटते. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून १०२ क्रमांकाचे मानक लागू झाले. पुढे जाण्याच्या व मागे जाण्याच्या जागांच्या मध्ये न्यूट्रल हवाच, असे ते सांगते. हात एक घर चुकला तरी गाडी फार तर न्यूट्रलमध्ये जाते. चूक होणारच हे गृहीत धरून ती निरुपद्रवी जागी पडेल अशी ही सोय आहे.

बटण आणि खाच याच घराण्यातले. पुढची भर ऑडी ५००० या गाडीच्या प्रकरणातून पडली. गाड्या आपोआप सुसाट सुटतात असा आरोप नोव्हेंबर १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवर गाजला. सरकारी तपासणीचा अहवाल १९८९ मध्ये आला. पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडणे हे प्रमुख कारण निघाले. उपाय म्हणून ब्रेक दाबल्याशिवाय 'पी'मधून दांडा सुटू नये अशी कडी बसवण्यात आली. सप्टेंबर २०१० पासून बनलेल्या अमेरिकी मोटारींना ती सक्तीची आहे.

एवढे सगळे शिकूनही घसरण होतेच. नव्या गाड्यांत दांड्याखाली सळई नसते, नुसत्या तारा असतात, त्यामुळे दांडा हवा तसा बनवता येतो. एका रचनेत तो प्रत्येक वेळी मधल्या जागी परत येई. गाडी 'पी'त आहे की नाही हे हाताला कळेना. २०१६ मध्ये अशा सुमारे ११ लाख गाड्या जगभरातून दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये, त्यांतल्याच एका जीप ग्रँड चेरोकीच्या तडाख्यात अँटोन येल्चिन हा तरुण अभिनेता स्वतःच्या दारातल्या उतारावर सापडून मरण पावला.

आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर 'एएमटी' प्रकारची गिअरपेटी सामान्यांच्या आवाक्यात आली. तिच्यातही 'पी' नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, १९४० च्या ओल्ड्समोबिलची आठवण यावी असा प्रकार. 'पी'वाल्या गाडीची सवय असलेल्याने तिच्यात पहिल्यांदा बसताना हे आधी विचारून घ्यावे.

आमच्या त्या मुठीचे म्हणाल, तर पाचर कानशीने घासून पाहावी असा एक विचार आला होता. पण मापाची खात्री देता येईना. शेवटी जुनीच मूठ परत बसवली, तडा बुजवला आणि वरून कातड्याची पट्टी गुंडाळली. मग इंजिन बंद ठेवून, ब्रेक दाबून, बटणाला हात न लावता दांडा 'पी'तून आणि 'एन'मधून 'आर'कडे ओढून पाहिला. दोन्हीकडून तो हलला नाही.