टायरवाल्यांचं पुस्तक आणि ल्योंच्या आया



चारचौघी मैत्रिणी मिळून परदेश बघायला निघाल्या की बॅगेत चिवडा, मेथकूट, दशम्या आणि लोणच्याची बाटली असतेच. पण हा शिधा तीन-चार दिवसांत संपतो. मग परक्या गावात, भाषा येत नसताना, चांगलं जेवण कुठे मिळेल हा प्रश्न उभा राहतो. आता त्याचं उत्तर मोबाइलवर मिळतं. "बघ गं, याला किती तारे दिलेत," असं म्हणत बायका बिनधास्त आत शिरतात. हे तारे आले कुठून? सुरुवातीच्या दिवसांत ते कुणाच्या दारावर लागले? आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास फ्रान्स देशातला आहे. पण त्यातल्या बायका आपल्याला ओळखीच्या वाटतील.

गोष्ट सुरू होते टायरपासून. आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या दोन भावांचा रबरी टायरचा कारखाना होता. १९०० साली अख्ख्या फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या. मोटारी फिरल्या नाहीत तर टायर झिजणार कसे, आणि झिजले नाहीत तर नवे खपणार कसे? म्हणून या भावांनी एक छोटं लाल पुस्तक काढलं. पेट्रोल कुठे मिळेल, टायर कसा बदलायचा, मुक्काम कुठे करायचा, अशी सगळी माहिती त्यात होती. ३५,००० प्रती छापल्या आणि फुकट वाटल्या. पुढे वीस वर्षं ते फुकटच मिळत होतं. मग म्हणे एका गॅरेजात आंद्रेला दिसलं की आपलं पुस्तक डुगडुगणाऱ्या टेबलाखाली टेकण म्हणून लावलंय! फुकटची किंमत नसते हे ओळखून १९२० पासून त्यांनी पुस्तकाला सात फ्रँक किंमत लावली. ही कथा कंपनीच सांगते, त्यामुळे थोडं मीठ-मसाला धरून चाला.

१९२६ मध्ये त्यांनी चांगल्या जेवणाच्या जागांना तारा द्यायला सुरुवात केली. १९३१ पासून एक, दोन, तीन अशी चढती भाजणी आली. तिचा अर्थही पुढे पुस्तकात छापला. एक तारा म्हणजे जेवण उत्तम. दोन तारे म्हणजे वाट थोडी वाकडी करून जावं असं. आणि तीन तारे म्हणजे केवळ तिथे जेवायला म्हणून प्रवास करावा असं. तपासायला येणारा माणूस ओळख न सांगता यायचा, जेवायचा आणि पैसे देऊन निघून जायचा.

त्या काळी पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणारे मित्रांचे, कुटुंबांचे घोळके मोटारींनी निघत. त्यात इंग्लंडहून आलेले परदेशीही असत. या वाटेवरचं मोठं शहर म्हणजे ल्यों. रोन आणि सोन या दोन नद्यांचा तिथे संगम होतो. हे शहर रेशमाच्या मागांसाठी प्रसिद्ध होतं. सकाळपासून माग चालवणाऱ्या विणकरांना पोटभर आणि स्वस्त जेवण लागायचं. ते त्यांना घालत होत्या शहरातल्या 'मेर'. मेर म्हणजे फ्रेंच भाषेत आई. आपल्याकडे खाणावळवालीला मावशी म्हणतात, तसं तिथे आई म्हणत.

या आया आल्या कुठून? बहुतेक जणी खेड्यातून शहरात आलेल्या. श्रीमंतांच्या वाड्यात स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या. १९१४ ते १८ च्या महायुद्धानंतर आणि १९२९ च्या मंदीत श्रीमंतांनी नोकर कमी केले. मग हाताशी जी एक विद्या होती तिच्यावर अनेक जणींनी छोटं दुकान थाटलं. आपल्या मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या आठवा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना एकत्र आणलं. ल्योंच्या आयांना मात्र असं मंडळ नव्हतं. प्रत्येक जण आपापली लढली.

त्यातली एक होती मेर फियू. दहा वर्षं एका विमा कंपनीच्या साहेबाच्या घरी स्वयंपाक केल्यावर १८९० च्या सुमारास तिने नवऱ्यासोबत आपली जागा काढली. तिच्याकडे रोज ठरलेलेच चार-पाच पदार्थ असायचे. त्यातला एक म्हणजे माशाच्या मऊ खिम्याचे मुटके. सगळ्यात नाव झालं ते तिच्या कोंबडीचं. जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या काळ्या अळंबीच्या पातळ चकत्या कोंबडीच्या कातडीखाली सरकवायच्या आणि कोंबडी रश्शात हळूहळू शिजवायची. पांढऱ्या कातडीतून काळं दिसतं, म्हणून या पदार्थाचं नाव 'अर्धं सुतक'. तिथे सुतकाचे दिवस सरत आले की बाया निव्वळ काळा पोशाख सोडून त्यात पांढरा-करडा मिसळायच्या, त्यावरून हे नाव पडलं. गिऱ्हाइकाच्या टेबलापाशी येऊन मेर फियू स्वतः छोट्या सुरीने कोंबडी कापून वाढायची. (आमच्या माळकरी मैत्रिणींनी हा भाग नुसता कानाने ऐकावा!)

या मेर फियूच्या हाताखाली एक तरुण मुलगी आली. तिचं नाव यूजेनी ब्राझिए. तिच्यापाशी आपण जरा थांबू या.

यूजेनीचा जन्म १८९५ चा, ल्योंच्या ईशान्येला ब्रेस भागातल्या एका शेतावरचा. पाच वर्षांची असताना ती डुकरं राखायची. शेतात काम नसेल तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात, तेवढी शाळा. दहा वर्षांची असताना आई गेली आणि तिला दुसऱ्याच्या शेतावर कामाला जावं लागलं. एकोणिसाव्या वर्षी, लग्न झालेलं नसताना, तिला मुलगा झाला. बापाने घराबाहेर काढलं. त्या काळात अशा पोरीला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती, हे आम्ही सांगायला नको. तिने लेकरू एका दाईकडे ठेवलं आणि ल्योंला येऊन शेवया-मॅकरोनीच्या कारखानदाराच्या घरी मोलकरीण म्हणून राहिली. मालकांचं कुटुंब हवापालटाला गेलं की स्वयंपाकही तीच करायची. ती कुठल्याही वर्गात स्वयंपाक शिकली नाही. पुढे मेर फियूच्या चुलीपाशी बाकीचं शिकली. मालकीण मोठी कडक होती.

१९ एप्रिल १९२१ ला, पंचविसाव्या वर्षी, तिने विणकर वस्तीच्या पायथ्याशी रु रॉयाल नावाच्या गल्लीत एक किराणा दुकान घेऊन तिथे आपलं जेवणघर उघडलं. भांडवल होतं १२,००० फ्रँक. सुरुवातीला बसायला जागा थोडीच होती. पण जेवणाची ख्याती पसरली. शहराचे महापौर एदुआर एरिओ, जे पुढे देशाचे पंतप्रधानही झाले, तिचे नेहमीचे गिऱ्हाईक बनले.

तिची कोंबडी यायची तिच्या माहेरच्या ब्रेस भागातून. पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय, अशी ती ओळखू येते. मोकळ्या गवतावर चरलेली. १९५७ मध्ये फ्रेंच सरकारने या कोंबडीला कायद्याने नाव राखून दिलं. आपल्याकडे एखाद्या भागाच्या हापूसला किंवा हळदीला मिळतं तसंच. पोरवयात शेतावर राबलेल्या बाईला चांगली कोंबडी पारखायला कुणी शिकवावं लागलं नसणार! माल निवडण्यात ती अतिशय चोखंदळ होती. स्वच्छतेत तर एक डागही चालायचा नाही.

सततच्या कष्टाने तब्येत बिघडली तेव्हा ती ल्योंबाहेर डोंगरात, कॉल द ला ल्युएर नावाच्या खिंडीत, एका लाकडी घरात विश्रांतीला गेली. तिथे गॅस नाही, वीज नाही, नळाचं पाणी नाही. पण गिऱ्हाइकं शोधत शोधत वर आली. विश्रांती राहिली बाजूला, तिथेच दुसरं जेवणघर सुरू झालं. उरलंसुरलं अन्न वाया जाऊ नये म्हणून तिने डुकरं पाळली. लहानपणीचं काम पुन्हा हाती आलं म्हणायचं.

आणि १९३३ मध्ये टायरवाल्यांच्या पुस्तकाने तिच्या दोन्ही जागांना तीन-तीन तारे दिले. एकाच माणसाकडे एकाच वेळी सहा तारे! असं याआधी कुणाच्याही वाट्याला आलं नव्हतं. त्याच वर्षी जवळच्याच प्रिए गावच्या मारी बूर्जुआ या बाईलाही तीन तारे मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी क्युर्नोन्स्की नावाच्या लेखकाने ल्योंला जगातल्या खाण्याची राजधानी म्हटलं. हा गृहस्थ मित्राला सोबत घेऊन देशभर जेवत फिरला होता आणि त्या भटकंतीवर दोघांनी पुस्तकांची मोठी मालिका लिहिली. प्रवासी म्हणतात, आम्ही ही जागा 'शोधून काढली'. आम्हाला या शब्दाचं जरा हसूच येतं. ती बाई तर पहाटेपासून तिथेच होती.

यातला बोचणारा भाग पुढचा आहे. १९४६ मध्ये युद्धातून परतलेला वीस वर्षांचा एक मुलगा यूजेनीकडे काम शिकायला डोंगरावर आला. तिने त्याला भाजीच्या वाफ्यात राबवलं, गायींची धार काढायला लावली, कपडे धुऊन इस्त्री करायला लावली, आणि स्वयंपाकही शिकवला. तो पोल बोक्यूज. पुढे तो जगातला सर्वांत प्रसिद्ध फ्रेंच शेफ झाला. त्याने आपल्या गुरूचं नाव कायम घेतलं, हे त्याचं मोठेपण. पण जमाना बदलला होता. कोट घातलेले पुरुष शेफ मासिकांच्या मुखपृष्ठावर झळकू लागले आणि आया मागे पडत गेल्या. १९५१ मध्ये मार्गरीत बीझ यांना तीन तारे मिळाले. त्यानंतर फ्रान्समध्ये पुढच्या बाईला, आन-सोफी पिक यांना, ते मिळायला २००७ साल उजाडलं. मधली ५६ वर्षं बायका काय स्वयंपाक विसरल्या होत्या?

१९९८ मध्ये अलँ द्युकास या शेफला दोन जागांसाठी सहा तारे मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांत गाजलं की हा पराक्रम पहिल्यांदाच झाला. ६५ वर्षांपूर्वीची शेतावरची पोर कुणाला आठवली नाही. जाणकारांना मागाहून आठवण करून द्यावी लागली.

यूजेनी १९७७ च्या मार्चमध्ये वारली. तिच्या पाककृतींचं पुस्तक त्याच वर्षी आलं, म्हणजे उभं आयुष्य सरल्यावर. तोवर सगळं तिच्या हातात आणि तिच्याकडे शिकलेल्यांच्या हातात होतं. मुलगा गास्तों, आणि पुढे नात, यांनी रु रॉयालची जागा बरीच वर्षं चालवली. आता ती दुसऱ्याच्या मालकीची आहे आणि तिथला शेफ पुरुष आहे. पण दारावर पाटी आहे 'ला मेर ब्राझिए' अशीच, आणि पांढऱ्या कातडीखाली काळ्या चकत्या घातलेली ती कोंबडी अजूनही तिथे वाढली जाते.