दम: ट्रकच्या श्वासाची गोष्ट

30 मे 1952. अमेरिकेतली इंडियानापोलिस 500 ही शर्यत. एकूण 200 फेऱ्या, 33 गाड्या. त्यात सगळ्यात पुढच्या जागेवरून सुटलेली गाडी चक्क डिझेलची होती. कमिन्स कंपनीने ट्रकसाठी बनवलेलं सहा सिलिंडरचं, 6.6 लिटरचं इंजिन आडवं झोपवून त्या गाडीत बसवलं होतं. वर टर्बोचार्जर. पात्रता फेरीत पुढची जागा तिनेच मिळवली होती.

71 फेऱ्या झाल्या आणि चालक फ्रेड अगाबेशियनला गाडी बाहेर काढावी लागली. डिझेल संपलं नव्हतं, टायर फुटला नव्हता. टर्बोचं हवा ओढणारं तोंड गाडीच्या नाकाशी, जमिनीलगत होतं. ट्रॅकवर उडणारा टायरच्या रबराचा चुरा त्यात जाऊन बसला आणि सगळ्यात पुढून सुटलेल्या त्या डिझेल गाडीचा श्वास कोंडला.

ट्रकच्या ताकदीचा इतिहास आपण बहुतेक वेळा इंधनाच्या बाजूने वाचतो. तो हवेच्या बाजूने वाचला तर जास्त नीट कळतो, असं मला वाटतं. आपल्या भाषेला हे आधीच माहीत आहे. ‘गाडीत दम नाही’ म्हणतो तेव्हा आपण ताकदीबद्दल बोलत असतो आणि ‘दम लागला’ म्हणतो तेव्हा श्वासाबद्दल. शब्द एकच.

आधी थोडा हिशोब

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. लिटरमध्ये बोलायचं तर एक लिटर डिझेलमागे जवळपास 10,000 लिटर हवा. आणि हा झाला कागदावरचा हिशोब. सिलिंडरच्या आत डिझेल आणि हवा मिसळायला मिळणारा वेळ इतका कमी असतो, की धूर नको असेल तर हवा त्याहून बरीच जास्त द्यावी लागते.

आता साडेपाच-पावणेसहा लिटरचं, टर्बो नसलेलं जुनं ट्रक इंजिन घ्या. मिनिटाला 2,400 फेरे मारताना ते सुमारे 6,000 लिटर हवा ओढतं. आपण शांत बसलेलो असताना मिनिटाला सहा ते आठ लिटर घेतो. म्हणजे घाट चढणारा एक ट्रक आठशे-हजार माणसांइतका श्वास घेत असतो.

डिझेल वाढवणं सोपं असतं. अडतं ते हवेपाशी, कारण सिलिंडर जेवढा मोठा, तेवढीच हवा आत मावते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला बॉटलनेक म्हणतात: बाकी सगळं कितीही वाढवा, जिथे अडतंय तिथे हात घातल्याशिवाय फरक पडत नाही. लोहाराला हे कधीपासूनच ठाऊक आहे. तो नुसता कोळसा ओतत बसत नाही, भाता ओढतो.

इंजिनाचा भाता

इंजिनाला भाता लावण्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीची. 1905 साली त्याने पेटंट घेतलं. इंधनातली सुमारे एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरवाटे वाया जाते. त्याच तप्त वायूंनी एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून आत भरायची. म्हणजे उच्छ्वासाच्या जोरावर श्वास. कल्पना सुंदर, पण तेवढी उष्णता आणि तेवढे फेरे सहन करणारे धातू त्या काळी हाताशी नव्हते. 1920च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हानसेस्टाट डान्झिग’ या जर्मन जहाजांवर टर्बो बसले, तोवर वीस वर्षं गेली होती.

मध्ये 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉसने एक मजेशीर प्रयोग केला. विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या 14,000 फुटांवरच्या शिखरावर नेलं. खाली साडेतीनशे हॉर्सपॉवर देणारं इंजिन वरच्या विरळ हवेत 230वर आलं. टर्बो जोडल्यावर पुन्हा 356. पेट्रोल तेच, इंजिन तेच. बदलली ती फक्त आत जाणारी हवा. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे आणि तिथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा जवळजवळ 30 टक्के विरळ. तिथे टर्बो नसलेला ट्रक धापा का टाकतो, ते यावरून कळेल.

ट्रकपर्यंत टर्बो पोहोचला 1938 मध्ये, स्वित्झर्लंडच्याच झाउरर कंपनीमार्फत. 1954 मध्ये व्होल्वोने टायटन ट्रकला टर्बो दिला आणि त्याच आकाराच्या इंजिनातून 150ऐवजी 185 हॉर्सपॉवर निघू लागले.

एक अडचण उरली. हवा दाबली की तापते; सायकलचा पंप मारताना त्याचं टोक हाताला गरम लागतं, तसंच. बाहेर 30 अंश असेल आणि दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघणारी हवा सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा फुगते, म्हणजे कमावलेलं थोडं पुन्हा हातचं जातं. म्हणून मध्ये इंटरकूलर आला: रेडिएटरसारखाच, फक्त पाण्याऐवजी हवा थंड करणारा.

आपल्या रस्त्यांवर

टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार 1954चा. तो 1969 मध्ये संपला, पण त्या वळणाची साधी, दणकट इंजिनं आपल्या हमरस्त्यांवर दशकानुदशकं चालली. इंडियानापोलिसमधल्या त्या गाडीची कमिन्स 1962 मध्ये किर्लोस्करांसोबत पुण्यात आली आणि 1993 मध्ये टाटांसोबत जमशेदपूरला. पुढे टाटांच्या 697 इंजिनालाही टर्बो आणि इंटरकूलर लागले. त्यांच्या इंजिनांच्या नावात ‘टीसी’ दिसलं तर टर्बो, ‘टीसीआयसी’ दिसलं तर सोबत इंटरकूलरही, असं समजा.

पण ट्रक लवकर म्हातारा होत नाही. जुन्या गाडीला दम आणायचा म्हटलं, की गॅरेजमध्ये दोन रस्ते असतात.

पहिला रस्ता हवेचा. जुना ऑइल बाथ फिल्टर काढून कागदी फिल्टर लावायचा. तो जास्त बारीक धूळ अडवतो, आणि धूळ आत गेली की लायनर आणि रिंगा घासून जातात. चिरलेले होज, सैल क्लिपा बदलायच्या. हवेचं तोंड उंचावर, इंजिनाच्या उष्णतेपासून आणि चाकांच्या धुळीपासून लांब न्यायचं. अगाबेशियनची गाडी नेमकी इथेच फसली होती. पैसे असतील तर टर्बो, मग इंटरकूलर. यात खर्च आहे, वेळ आहे, गाडी दोन-चार दिवस उभी राहते.

दुसरा रस्ता स्क्रूचा. डिझेल पंपाचं सील तोडायचं, स्क्रू थोडा फिरवायचा, डिझेल जास्त सोडायचं. काम लगेच होतं. पिकअप खरंच थोडा वाढतो, कारण हवेत अजून थोडी जागा शिल्लक असते. ती संपली की पुढचं प्रत्येक जादा थेंब नीट जळत नाही. अॅव्हरेज पडतं, पिस्टनची उष्णता वाढते आणि मागून काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे अर्धवट जळालेलं, पैसे मोजून भरलेलं डिझेल.

टर्बोच्या पंपांवर याला एक लगाम असायचा. टर्बोचा दाब तयार होईपर्यंत जास्त डिझेल सोडायचं नाही, एवढंच काम करणारा एक पडदा आणि स्प्रिंग. आधी हवा, मग डिझेल. गाडी लगेच उचलावी म्हणून लोक तोच लगाम निकामी करत आले.

यात ट्रकवाल्याला दोषी ठरवणं सोपं आहे. पण भाडं ठरलेलं, माल क्षमतेपेक्षा जास्त भरलेला, कर्जाचा हप्ता डोक्यावर. अशा वेळी एक दिवस गाडी उभी ठेवणं त्याला परवडत नाही. स्क्रूचा खर्च तो एकटा भरत नाही, हेच खरं दुखणं आहे. टोलनाक्यावरचा माणूस, ढाब्यावरचा पोरगा, मागून स्कूटरवर येणारी बाई आणि रोज त्याच केबिनमध्ये झोपणारा क्लीनर, सगळे मिळून भरतात. जून 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ‘दम’वरूनच आपण ‘दमा’पर्यंतही येतो.

पडद्याचा कोड झाला

1 एप्रिल 2020पासून देशभर बीएस 6 लागू आहे. नव्या ट्रकमध्ये आत किती हवा येते, हे सेन्सर सांगतात आणि त्यावरून किती डिझेल सोडायचं, ते संगणक ठरवतो. मला यात गंमत वाटते ती ही, की नियम बदललेला नाही. पडदा आणि स्प्रिंग जे सांगत होते, तेच आता काही ओळींचा कोड सांगतो: आधी हवा, मग डिझेल.

आणि मोहही तोच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2020 मध्ये अंदाज दिला, की आधीच्या दहा वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांमधली प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली होती. तिथे हप्त्याची अडचण फारशी नव्हती, अनेकांना फक्त जोर हवा होता. स्क्रूऐवजी आता लॅपटॉप लागतो, एवढाच फरक. म्हणजे लगाम काढून देणारे हात आता आमच्या धंद्यातलेही आहेत.

पुढच्या वेळी घाटात एखादा जुना ट्रक काळा धूर सोडत पुढे दिसला, तर काच वर करण्याआधी एवढं लक्षात घ्या: त्याला हवी होती ती हवा, आणि कुणीतरी त्याला फक्त डिझेल दिलंय.