सर्व्हरपर्यंतची वाट

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मशीनवर अंगठा लावून पैसे काढायला गेलेल्या बाईला हे वाक्य पाठ झालं आहे. खेड्यातून गोंडपिपरीला यायचं, दिवसाची मजुरी बुडवायची आणि रिकाम्या हाताने परतायचं. हा सर्व्हर असतो कुठे आणि आपल्या गावापासून त्याच्यापर्यंतची वाट कोण बांधतं? ते शिकवणारी विद्या आहे. कॉलेजात तिला दूरसंचार आणि कॉम्प्युटर नेटवर्किंग म्हणतात. आज तिचाच इतिहास आम्ही सांगणार आहोत.

आपल्या देशात ही विद्या रुजली ती शिक्षणसंस्थांमध्येच. 1986 साली केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 'अर्नेट' प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी होत्या, बंगळूरची विज्ञान संस्था होती आणि मुंबईच्या जुहूची एनसीएसटी होती. एनसीएसटीचे प्रमुख होते श्रीनिवासन रमणी. 1987 च्या सुमारास जुहूचा संगणक आणि पवईच्या आयआयटीचा संगणक साध्या टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना पत्रं पाठवू लागले. फोन लावायचा, साठलेली पत्रं पाठवायची, फोन ठेवायचा. बस, एवढंच! जानेवारी 1991 मध्ये दिल्ली-मुंबई कायमची लाइन आली, तिचा वेग सेकंदाला 9.6 किलोबिट. गटाच्या बैठकीचा 3 एमबीचा एक फोटो त्या लाइनवरून पाठवायचा म्हटलं, तर 40 मिनिटांच्या वर लागली असती.

या विद्येतली मुख्य युक्ती आपल्याला सहज कळण्यासारखी आहे. निरोप अख्खा जात नाही. त्याचे लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक घालतात आणि पलीकडे ते पुन्हा जुळवतात. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की एसटी दुसऱ्या रस्त्याने फिरवतात ना, तसंच एक लाइन तुटली की तुकडे दुसऱ्या लाइनने जातात. पण दुसरी लाइन असेल तर! जंगलातल्या गावाला येणारी वाट बहुतेक वेळा एकच असते. रस्त्याच्या खोदकामात ती तुटली किंवा टॉवरची वीज गेली, की तुकड्यांना फिरून जायला जागाच उरत नाही. 'डाऊन' म्हणतात त्यात पुष्कळदा सर्व्हर धडधाकट असतो, वाटच मोडलेली असते. ती कुठे मोडली हे शोधणं आणि दुसरी वाट आखणं, हेच या शिक्षणातलं काम.

ही विद्या आपल्यापर्यंत हळूहळू सरकत आली. 1991 साली पुण्यात महर्षी कर्वे यांच्या संस्थेने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. 15 ऑगस्ट 1995 ला मुंबईसारख्या मोठ्या शहरांत सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं. 1996 ला चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. तरी आपलं विद्यापीठ नागपूरलाच होतं. 2011 साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, आणि त्याच वर्षी ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना केंद्राने मंजूर केली. पुढे तिलाच भारतनेट नाव मिळालं.

आता मुलींचं बोलू. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो आणि त्यावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावीवरून जायचं तर गणित आणि भौतिकशास्त्र हवं, म्हणून अकरावीला विषय घेतानाच बघा. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या सवलती आधीपासून आहेत.

उरतो तो होस्टेल, मेस आणि लॅपटॉपचा खर्च. गटाच्या रजिस्टरात लग्नासाठी कर्ज मागितलं की आपण फार प्रश्न विचारत नाही. लॅपटॉपसाठी मागितलं की मात्र "पोरगी शिकून सासरीच जाईल ना?" असं निघतं. आमच्या एका गटात असा अर्ज दोन बैठका पडून होता. तिसऱ्या बैठकीत एका आजीने विचारलं, "लग्नाचं कर्ज फेडायला पोरगी काय कमावून आणते?" अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला, बारा हप्त्यांत.